काटा बरोबरच होता

आमच्या कारखान्यात वजनकाटे दुरुस्त होतात. वाण्याचा तराजू, टपाल कचेरीतला पत्रं तोलायचा काटा, दवाखान्यातला तान्ह्या बाळांचा पाळणाकाटा, गोदामातला पोती चढवायचा प्लॅटफॉर्म, जे म्हणून वजनाच्या बाबतीत खोटं बोलायला लागतं ते सगळं आमच्याकडे येतं. मी काउंटरवर बसते. काटा उतरवून घ्यायचा, त्याला चिठ्ठी बांधायची, गिऱ्हाइकाची तक्रार लिहून घ्यायची आणि गिऱ्हाईक गेलं की खरी तक्रार लिहायची, हे माझं काम. बावीस वर्षं करते आहे. सगळे मला मावशी म्हणतात. मालकही म्हणतात, आणि ते माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठे आहेत.

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही असं इथले लोक म्हणतात. ते खोटं आहे. मला माहिती साठवून ठेवायची सवय नाही, एवढंच. तरी ही गोष्ट सांगण्याआधी मी ज्याची गोष्ट आहे त्याला विचारलं. तो म्हणाला, "सांगा मावशी, पण आहे तेवढंच सांगा."

त्याचं नाव मिलिग्रॅम. म्हणजे खरं नाव वेगळं आहे, पण हे पहिल्याच आठवड्यात पडलं. औषधांच्या दुकानातला एक नाजूक तराजू दुरुस्तीला आला होता. गिऱ्हाईक न्यायला आलं, तर हा नवा माणूस तो देईना. अजून दोन मिलिग्रॅमचा फरक आहे म्हणाला. गिऱ्हाईक म्हणालं, असू दे की. "तुम्हाला चालेल हो," हा म्हणाला, "मला झोप लागणार नाही." तेव्हापासून मिलिग्रॅम.

अंगानं सडपातळ, चाळिशीला टेकलेला, ओठावर पातळ मिशी. नाजूक तराजूंसाठी आमच्याकडे एक काचेची खोली आहे, तिथे वारा शिरत नाही. तिथे हा दिवसभर चिमट्यानं इवलीइवली वजनं उचलून ठेवत बसायचा. बोटानं उचलायची नाहीत, बोटाचं तेल लागलं की वजन वाढतं. उन्हाळ्यात आम्ही सगळे घामानं निथळत असताना याच्या अंगात सदऱ्यावर जाकीट असायचंच. त्यावरून कारखान्यात तर्क चालत. वेल्डर म्हणायचा, पाठीवर कुण्या बाईचं नाव गोंदलं असणार. माझा अंदाज भाजल्याच्या डागाचा होता, आणि मी तो अंदाज म्हणून सांगत नसे.

खरी गोष्ट अशी होती की मिलिग्रॅम जन्मला तेव्हा घरच्यांनी मुलगी झाली म्हणून सांगितलं आणि मुलगी म्हणूनच वाढवलं. आपण मुलगी नाही हे त्याला पाचव्या वर्षापासून ठाऊक होतं. बाकीच्यांना पटवण्यात पंधरा वर्षं गेली, आणि पटलं ते एकट्या थोरल्या बहिणीला. पुढे कागदावरचं नाव बदललं, औषधांनी आवाज जाड झाला, मिशी आली. अशा माणसांना ट्रान्स म्हणतात. जाकिटाखाली तो छाती घट्ट बांधून घ्यायचा. आमच्याकडे आला तो पुरुष म्हणूनच, आणि नऊ वर्षं आमच्यापैकी कुणाला पत्ता लागला नाही. तुम्हाला मात्र मी आत्ताच सांगून टाकलं. लोकांना ताटकळत ठेवणं मला जमत नाही.

याआधी त्यानं दोन नोकऱ्या सोडल्या होत्या. कुणी हाकलला नव्हता. माणसं जवळची झाली, घरी जेवायला बोलवायला लागली, लहानपणीचे फोटो दाखव म्हणाली, की हा राजीनामा देऊन मोकळा. आमच्याकडे नऊ वर्षं टिकला याचं श्रेय मिस्त्रींना. मिस्त्री म्हणजे कारखान्याचे मुख्य कारागीर, निवृत्तीला आलेले. दिवसाला दहा शब्द बोलतात, त्यातले आठ स्क्रूबद्दल. त्यांनी मिलिग्रॅमला सगळं काम हाताला धरून शिकवलं आणि नऊ वर्षांत त्याला एकही खासगी प्रश्न विचारला नाही. मिलिग्रॅमसाठी हे म्हणजे सुखच होतं.

आता आमची सोमवारची रीत. प्लॅटफॉर्म काटे तपासायची लोखंडी वजनं वीस वीस किलोची असतात, चढवता-उतरवता कंबर मोडते. म्हणून पहिली चाचणी आम्ही माणसांनी घेतो. सोमवारी सकाळी सगळे एकेक करून मास्टर काट्यावर उभे राहतात, आणि ज्याचं त्याचं वजन फळ्यावर लिहिलं जातं. मग आठवडाभर काटा तपासायचा झाला की मिस्त्री हाक मारतात, "वेल्डर आणि मावशी, चढा!" आम्ही चढतो. एकशे एकसष्ट दाखवलं की काटा ताळ्यावर. माझं वजन बावीस वर्षं चारचौघांत फळ्यावर आहे, त्यामुळे मला आता लाज अशी राहिलेली नाही.

या सगळ्यात मिलिग्रॅम म्हणजे आमचा हुकमी एक्का. चोपन्न किलो तीनशे ग्रॅम. नऊ वर्षं तेच. मिस्त्री त्याचा आकडा फळ्यावरून पुसतसुद्धा नसत.

तर एका सोमवारी तो काट्यावर उभा राहिला आणि काट्यानं त्रेपन्न दाखवलं. मिस्त्री म्हणाले, "उतर. पुन्हा चढ." पुन्हा त्रेपन्न. पुढच्या सोमवारी बावन्न. त्याच्या पुढच्या सोमवारी पन्नास नऊशे. दुसऱ्या कुठल्याही ठिकाणी माणसांनी विचारलं असतं, बाबा रे, नीट जेवतोस का? आमचे मिस्त्री म्हणाले, "काटा बिघडला."

मी म्हटलं, "अहो, वेल्डरचं आणि माझं वजन तर पूर्वीइतकंच येतंय."

"काटा कमी दाखवतोय," मिस्त्री म्हणाले, "आणि तुम्ही दोघं तेवढेच सुटला आहात."

मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. त्यांच्या ते लक्षात आलं असेल असं वाटत नाही, कारण ते मास्टर काट्यात डोकं घालून बसले होते. सगळा काटा खोलला. एकेक दांडा, दांडा टेकतो ती एकेक पोलादी धार काढून पुसली, भिंगाखाली पाहिली, परत जोडली. मग चाळीस लोखंडी वजनं स्वतः चढवली. ग्रॅमचाही फरक नाही. मिस्त्री फडक्याला हात पुसत खाली बसले आणि म्हणाले, "काटा बरोबर आहे." तेव्हा आम्ही सगळ्यांनी काचेच्या खोलीकडे पाहिलं. कारण काटा बरोबर असेल तर मिलिग्रॅममध्येच काहीतरी बिघाड होता.

बिघाड असा होता की त्याला इस्पितळाचं पत्र आलं होतं. छातीच्या शस्त्रक्रियेसाठी तो तीन वर्षं यादीत होता. ती झाली की ते बांधणं सुटणार, जाकीट सुटणार, पोटभर श्वास घेता येणार. अखेर तारीख मिळाली होती, आणि नंतर सहा आठवडे कामावर यायचं नव्हतं. तारीख चुकवली तर पुन्हा यादीच्या शेपटाला, म्हणजे आणखी तीन वर्षं. आता सहा आठवड्यांची सुट्टी मागताना कारण काय सांगायचं, या काळजीनं त्याच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

शेवटी त्यानं अर्जात लिहिलं, हर्निया.

बस्स. कारखाना जागा झाला. ज्यांनी हर्निया जन्मात पाहिला नव्हता असे सगळे उंटावरचे शहाणे सल्ले द्यायला लागले. वेल्डरच्या सासऱ्यांना हर्निया झाला होता आणि त्यांचं वजन उलट वाढलं होतं. हर्नियानं कुणी साडेतीन किलो घटतं का? म्हणजे हर्निया हे निमित्त. म्हणजे आजार मोठा आहे, शेवटचा आहे, आणि बिचारा आपल्याला त्रास नको म्हणून सांगत नाहीये. हा निष्कर्ष पहिल्यांदा कुणी काढला हे महत्त्वाचं नाही. मीच काढला.

आमच्या कारखान्यात कुणी इस्पितळात असलं की त्याला एकटं सोडत नाहीत. फळ्यावर पाळ्या लागतात, दोघं दोघं, भेटीची वेळ सुरू झाल्यापासून संपेपर्यंत. वेल्डरचा पाय मोडला होता तेव्हा तिसऱ्या दिवशी त्यानं डॉक्टरांचे पाय धरले होते, मला घरी सोडा म्हणून. आता मिलिग्रॅमच्या नावाखाली एक्केचाळीस पाळ्या लागल्या. त्यातून वेल्डरनं जाहीर केलं, "टाके मी बघणार. सांधा कसा भरतोय ते मला कळतं. माझा धंदाच आहे तो."

मिलिग्रॅम त्या फळ्यापुढे उभा होता. त्याचा चेहरा पाहून मला वाटलं, आपलं प्रेम पाहून गहिवरला.

त्या संध्याकाळी तो बहिणीकडे गेला. हे सगळं त्यानं मला नंतर सांगितलं. बहीण म्हणाली, "नेहमीसारखं कर. राजीनामा दे, शस्त्रक्रिया करून घे, मग दुसरीकडे बघू." तिचं काय चुकलं? वीस वर्षं तिनं हेच पाहिलं होतं, माणसांना कळलं की माणसं बदलतात. मिलिग्रॅमनं तिथेच बसून राजीनामा लिहिलासुद्धा. मग तो घडी घालताना म्हणाला, "ताई, या वेळी जावंसं वाटत नाही गं."

गुरुवारी दुपारी त्यानं मिस्त्रींना काचेच्या खोलीत बोलावलं. मी त्या वेळी खोलीबाहेरच्या मांडणीमागे पाळणाकाट्यांवरची धूळ पुसत होते. तिथे धूळ होतीच, कुणीही जाऊन पाहावं.

मिलिग्रॅमनं बराच वेळ ताकाला जाऊन भांडं लपवलं. तुम्ही मला खूप शिकवलंत, तुमचे उपकार आहेत, वगैरे. मिस्त्रींचा श्वास जड झालेला मला बाहेर ऐकू येत होता.

"किती दिवस राहिलेत?" त्यांनी मधेच विचारलं.

"शस्त्रक्रियेला? बारा."

"त्याला नाही. मरायला."

"अहो, मी मरत नाहीये मिस्त्री!"

"मग वजन का घटतंय?"

"काळजीनं!" मिलिग्रॅम ओरडलाच, आणि मग एका दमात सांगून टाकलं. "मला हर्निया नाही. मी जन्मलो तेव्हा सगळे म्हणाले मुलगी आहे. मी नव्हतो. गेली वीस वर्षं मी असा आहे, माझा मी. मी ट्रान्स आहे. छातीची शस्त्रक्रिया आहे, ती झाली की सगळं मनासारखं होईल. तुम्ही सगळे केळी घेऊन तिथे येणार, त्या वॉर्डाच्या दारावर तो कुणासाठी आहे ते लिहिलेलं वाचणार, वेल्डर टाके बघणार. त्यापेक्षा मीच सांगतो."

माझ्या हातातलं फडकं तिथेच थांबलं.

"म्हणजे तू मरत नाहीस," मिस्त्री म्हणाले.

"नाही."

"आणि मी सगळा काटा खोलला! दीड दिवस! चाळीस वजनं चढवली या वयात!" मिस्त्रींनी असा आवाज चढवलेला मी बावीस वर्षांत ऐकला नव्हता. मग तो आवाज एकदम खाली आला. "नऊ वर्षांत एकदाही सांगावंसं वाटलं नाही तुला?"

"रोज वाटलं."

"मग?"

"दुसऱ्या दिवसापासून तुम्ही माझ्याशी बोलला नसता तर?"

"मी एरवी तरी कुठे बोलतो?" मिस्त्री म्हणाले.

मला हसू आलं आणि रडूही आलं, आणि दोन्ही दाबताना एक पाळणाकाटा खाली पडला. आत मिस्त्री सांगत होते, "हे बघ, मला यातलं काही कळत नाही. वेळ लागेल मला." खोटं गोड बोलण्यापेक्षा ते बरं. तेवढ्यात मिलिग्रॅमची हाक आली, "मावशी, या बाहेर. तुमच्या चपला दिसतायत."

मी बाहेर आले. त्यानं खिशातला राजीनामा मला दाखवला. म्हणाला, "सोमवारी एकतर हा देईन, नाहीतर सगळ्यांना सांगेन. अजून ठरत नाहीये. तोवर पोटात ठेवू शकाल?"

मी प्रामाणिकपणे हिशेब केला. "सोमवारपर्यंत ठेवीन," मी म्हटलं. "मंगळवारची हमी नाही."

ते चार दिवस कसे काढले ते माझं मला माहीत. वेल्डर येऊन विचारी, मिलिग्रॅमची काही खबर? आणि मी मूग गिळून गप्प. घरी नवऱ्यानं माझ्या कपाळाला हात लावून ताप आहे का पाहिलं. एकदा तर मी नळ सोडून नळाला सांगितलं आणि नळ बंद केला. पण खरं सांगते, बातमीपेक्षा मला राजीनाम्याचंच जास्त टोचत होतं. तो जाऊ नये असं मला फार वाटत होतं, आणि हे त्याला सांगायचं सोडून मी बाकी सगळं बोलत राहिले. मिस्त्री तर नेहमीइतकेच गप्प होते. त्यामुळे त्यांचा विचार कुठपर्यंत आला ते मिलिग्रॅमला कळेना, आणि तो आणखी पाचशे ग्रॅम घटला.

सोमवारी तो काट्यावर चढला. मिस्त्रींनी आकडा वाचला, "पन्नास चारशे." सगळ्यांनी सुस्कारे सोडले. मिलिग्रॅम उतरला नाही. म्हणाला, "सगळे इकडेच बघताय तर इथूनच सांगतो. मी मरत नाहीये." दोघातिघांनी टाळ्या वाजवल्या. "थांबा," तो म्हणाला, आणि त्यानं सांगितलं. मिस्त्रींना सांगितलं त्याहून थोडक्यात आणि जास्त नीट. सांगताना त्याच्या पायाखाली काट्याचा आकडा थरथरत होता.

पहिला बोलला तो वेल्डर.

"म्हणजे हर्निया नाहीच?"

"नाही."

"मग टाके कुठे असणार?"

"छातीवर."

"छातीचे टाके नाजूक. मग तर मीच बघणार."

"कुणीही बघणार नाही," मिलिग्रॅम म्हणाला.

"बरं," वेल्डर म्हणाला. तो जरा नाराज झाला.

मालकांनी खिडकीतून विचारलं, "सुट्टी सहाच आठवडे ना?" मी डोळे पुसत सगळ्यांना सांगितलं की मला हे गुरुवारपासून माहीत होतं. त्यावर कुणाचाही विश्वास बसला नाही. मिस्त्री खडू घेऊन पाळ्यांच्या यादीकडे गेले आणि पहिल्या दिवशीच्या सकाळच्या पाळीत माझं आणि वेल्डरचं नाव होतं, त्याच्या वर त्यांनी स्वतःचं लिहिलं.

सगळं गोडगोड झालं असं मात्र मी सांगणार नाही. आमचा खरादी, लेथवर बसतो तो, पुढे आला आणि "मला हे पटत नाही" म्हणून त्यानं यादीतलं आपलं नाव पुसलं. अजूनही तो चहा घेऊन दुसऱ्या कोपऱ्यात बसतो. मी त्याला दोनदा सुनावलं. मिलिग्रॅम म्हणाला, "राहू दे मावशी, कामाचं तरी बोलतो." राजीनामा त्यानं मला देऊन टाकला. कागद एका बाजूनं कोरा होता, त्यावर मी एका गोदामवाल्याची तक्रार लिहून घेतली.

शस्त्रक्रियेच्या सकाळी आम्ही तिघं इस्पितळात पोचलो तेव्हा बहीण आधीच बाकावर बसलेली होती. पन्नाशीची, पाठ ताठ, मांडीवरची पिशवी दोन्ही हातांनी धरलेली. आम्ही बसलो तशी ती जरा बाजूला सरकली. परिचारिकेनं विचारलं, पेशंट तुमचे कोण? ती आधी इकडेतिकडे बघून मग हळूच म्हणाली, "भाऊ." शाळेत, कचेऱ्यांत, नाव बदलायच्या प्रत्येक खिडकीशी त्याच्याबरोबर ती एकटीच गेली होती, आणि दर ठिकाणी कोण बघतंय, कोण कुजबुजतंय, हे पाहण्याचं काम तिचं होतं. आमच्याकडेही ती तशीच बघत होती. मी तिला चहा दिला, तर आधी मला न्याहाळलं आणि मग कप घेतला.

मिलिग्रॅमला स्ट्रेचरवरून नेताना मिस्त्री उठून त्याच्या बरोबरीनं चालायला लागले. दारापाशी त्यांनी वाकून विचारलं, "फार दुखेल का रे?"

"आत झोपवतात मिस्त्री. कळत नाही."

"नंतर?"

"नंतर दुखेल थोडं."

मिस्त्रींनी मान हलवली आणि येऊन बसले.

पहिला तास बहीण तशीच ताठ होती. दुसऱ्या तासाला वेल्डरनं एका वॉर्डबॉयला हटकलं. तो आमच्या दारावरची पाटी वाचून कुणाला तरी खूण करत हसत होता. "काय हसू येतंय?" वेल्डर म्हणाला. "आमचा माणूस आत आहे." वॉर्डबॉय निघून गेला. बहिणीनं हे सगळं पाहिलं. थोड्या वेळानं तिची मान कलली, डोकं माझ्या खांद्यावर आलं आणि ती चक्क घोरायला लागली. बारीक नाही, चांगलं खणखणीत.

डॉक्टरीण बाहेर आल्या तेव्हा ती झोपलेलीच होती. सगळं छान झालं, तासाभरात भेटता येईल, त्या म्हणाल्या. वेल्डर म्हणाला उठवू या. मिस्त्रींनी हातानं नको म्हटलं. मी म्हटलं, अहो, सख्खी बहीण आहे, आपल्याला कळून तिला नाही म्हणजे काय? आमची ही कुजबूज जरा मोठ्यानं झाली असावी. ती दचकून जागी झाली, पिशवी छातीशी धरली, आणि डोळे पुरते उघडायच्या आत तिनं विचारलं, "कुणाला कळलं तर नाही ना?"

मी म्हटलं, "सगळ्यांना माहीत आहे हो."

ती माझ्याकडे बघत राहिली, मग वेल्डरकडे, मग मिस्त्रींकडे. हळूहळू जागी होत होती.

"सगळ्यांना?"

"सगळ्यांना," मिस्त्री म्हणाले.

तेव्हा कुठे तिनं विचारलं, "आणि तो कसा आहे?"